आमच्या व्याह्यांचा पाया

लग्नाची बोलणी करायला आलेला मुलीचा बाप साधारणपणे काय करतो? पंख्याखालची खुर्ची हेरतो, रुमालानं मान पुसतो आणि "जागा छान आहे हो तुमची" म्हणतो. आमचे व्याही तावडेसाहेब दारातून आत आले, चपला काढल्या, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि हॉलच्या मधोमध उकिडवे बसून आमच्या फरशीवर टकटक करायला लागले. एक लादी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कान जमिनीला लावायचाच बाकी होता. मी पोह्यांच्या बशांचा ट्रे हातात घेऊन उभी, आणि हा माणूस माझ्या घरात माझ्या फरशीवर रांगतोय. सोफ्याजवळच्या एका लादीवर त्यांनी नाणं दोनदा वाजवलं, मान वर केली आणि माझ्याशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले, "विहीणबाई, ही पोकळ आहे."

अजून सुपारी फुटायची होती. मी कुणाची विहीणबाई झालेली नव्हते.

मी नोकरी केली ती पोस्टाच्या काउंटरवर. चिडलेल्या माणसाला गप्प कसं करायचं हे मला शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी मी स्वतःच गप्प झाले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती लादी फुगून तडकली, त्याचा तर त्याहून राग आला. तावडेसाहेबांना बातमी कळली तेव्हा ते भाईंदर पश्चिमेहून खास ती लादी बघायला आले. चहा घेतला, लादीचा फोटो काढला आणि प्रसन्न मनानं घरी गेले. माझ्या सुनेची, म्हणजे स्वतःच्या मुलीची, चौकशी जाता जाता जिन्यातून केली.

तावडेसाहेब लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक होते. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्याच्या खिशात पेन नाही तर टॉर्च. पँटच्या खिशात कायम एक ओळंबा. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतात ते. त्यामुळे त्यांची पँट एका बाजूनं नेहमी खाली ओढलेली असते, आणि दुसऱ्याच्या भिंतीतला वाक काढणाऱ्या माणसाला ते कधी दिसलेलं नाही. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. त्या खड्ड्यांत त्यांची सगळी नोकरी गेली. "लोक बिल्डिंग वरून बघतात, विहीणबाई. मी अख्खं मीरा-भाईंदर खालून बघितलंय," असं ते सांगतात. काय बघितलं विचारलं तर म्हणतात, "पाणी. सगळीकडे पाणी. वर इटालियन मार्बल आणि खाली खाडी."

तेव्हापासून या माणसाचा कशावरच विश्वास नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, "खाली काय आहे?" समोर बटाटेवडा ठेवला तरी आधी उलटा करून बघतात. नवा कुकर दाखवला की बुड बघतात. माझ्या नवऱ्याच्या साठीला मुलानं केक आणला, तर यांनी मेणबत्त्या पेटलेल्या असताना केक उचलून खालचा पुठ्ठा दाबून बघितला आणि म्हणाले, "बेस ओला आहे." एका मेणबत्तीनं त्यांची भुवई जळता जळता वाचली. मी वाचवली, आणि त्याचा मला तेव्हाही थोडा पश्चात्ताप झाला होता.

लग्नाचं तर विचारूच नका. मुहूर्ताची वेळ झाली, अंतरपाट धरला, भटजींनी मुलीच्या वडिलांना बोलवा म्हणून सांगितलं, आणि मुलीचे वडील कुठेच नाहीत. सगळं कार्यालय शोधलं. शेवटी स्टेजच्या पडद्याखालून आधी टॉर्चचा उजेड आणि मग जाळी लागलेला फेटा बाहेर आला. स्टेजच्या एका कोपऱ्याला टेकू म्हणून सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट लावलाय, असं त्यांनी माईकवरून जाहीर केलं. त्यानंतर आहेर द्यायला एका वेळी चौघांच्या वर माणसं त्यांनी वर चढू दिली नाहीत. माझी नणंद जरा अंगानं आहे. तिला त्यांनी हात जोडून सांगितलं, "ताई, तुम्ही एकट्याच या." नणंद त्या दिवसापासून माझ्याशी तुटक वागते. माझ्याशी! मी काय केलं होतं?

बरं, मुलगी अशी गोड की बापावर राग धरवत नाही. पूर्वा आमच्याकडे आली तशी कुंड्या घेऊन आली. आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला तळमजल्यावर राहतो. मागे दहा बाय आठचं मोकळं अंगण आहे, म्हणजे जागा सोसायटीची पण वापर आमचा. तिथे आधी माझी कपड्यांची दोरी, तुळस आणि नवऱ्याची मोडकी सायकल होती. पूर्वानं वर्षभरात तिथे ऑर्किडची रांग लावली. एका अकाउंटंटच्या ऑफिसात तिची नोकरी होती, ती तिनं सोडली आणि घरातूनच रोपं विकायचं ठरवलं. मी आधी नाक मुरडलं. मग एकदा तिचं ते जांभळं फूल उमललेलं बघितलं आणि गप्प बसले. पण मागच्या पावसाळ्यात अंगणात पाण्याचा असा मारा झाला की निम्म्याहून जास्त रोपं कुजली. पोरीनं कुजलेली रोपं एका गोणीत भरली, गोणी कचऱ्याच्या गाडीपर्यंत स्वतः उचलून नेली, आणि दोन दिवस नीट जेवली नाही.

म्हणून यंदा मुलानं एक ग्रीनहाऊस मागवलं. पांढरे पाईप, जोडायचे सांधे, वर जाड पारदर्शक प्लास्टिक. खोकं घरी आलं. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई चौथ्या मजल्यावरून उतरून बघून गेले आणि म्हणाले, "भाभी, पाईप और प्लास्टिक है ना? कच्चा है तो कोई प्रॉब्लेम नहीं." जमीन सपाट करायची, चार कोपऱ्यांत चार ठोकळे ठेवायचे आणि उभं करायचं. एका रविवारचं काम. पावसाळ्याच्या आत उभं राहिलं म्हणजे पूर्वाची रोपं यंदा वाचतील, एवढंच आम्हाला हवं होतं.

आणि मग आमच्या ह्यांनी, ज्यांना कुणी विचारलेलं नव्हतं, व्याह्यांना फोन केला.

तावडेसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. मी अजून दात घासत होते. अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी उजवी टाच जमिनीवर आपटली. मग डावी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, खाली काय आहे?"

"माती," मी म्हटलं.

"माती नाही. भराव आहे. भरावाखाली चिखल आहे. चिखलाखाली काय आहे ते मला विचारा."

मी विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं.

दुपारपर्यंत माझी दोरी सुटली, तुळस उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली, आणि अंगणात खोदकाम सुरू झालं. सलीम नावाचा एक मिस्त्री त्यांनी बरोबर आणला होता. चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकून सुतळी ताणली. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप, मग दुसरं तिरकं माप. दोन्ही सारखी आली म्हणजे चौकोन बरोबर. ती सारखी येईनात. बोटभर फरक. खुंटी हलवली, पुन्हा माप. अर्धं बोट. पुन्हा खुंटी. मी आतून ओरडले, "अहो, प्लास्टिक टाकायचंय त्याच्यावर, देवळाचा कळस नाही!" तावडेसाहेब शांतपणे म्हणाले, "कळस नंतर वाकडा झाला तर चालतो."

मिस्त्रीनं शेवटी न राहवून विचारलं, "साहब, इसके ऊपर आएगा क्या?"

"प्लास्टिक," तावडेसाहेब म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

माझ्या नवऱ्याला या वयात नवा उत्साह आला. एरवी पाण्याचा ग्लास उचलून बेसिनमध्ये ठेवणार नाहीत, ते आता पारदर्शक रबरी नळीत पाणी भरून तिचं एक टोक धरून उभे. दुसरं टोक व्याह्यांच्या हातात. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीवर येईपर्यंत दोघे पुतळ्यासारखे उभे राहायचे. "पाणी खोटं बोलत नाही," तावडेसाहेब म्हणायचे, आणि आमचे हे मान डोलवायचे. मी आतून "भात लागतोय, गॅस बंद करा" म्हणून ओरडले तर "पातळी चाललीय" असं उत्तर आलं. भात लागला. मी तोच दोघांना वाढला. दोघांनीही तक्रार केली नाही, म्हणून मला अजून राग आला.

कमरेएवढा खड्डा झाला आणि खालून पाणी आलं. तावडेसाहेबांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी कधी विसरणार नाही. नातवंड झाल्याची बातमी आल्यावर माणूस हसतो तसे हसले. "बघितलंत? खाडी!" त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि खारट आहे म्हणून आम्हाला सांगितलं. मग त्यांनी खड्ड्याच्या भिंतीवर खडूनं खूण केली. संध्याकाळी पाणी खुणेच्या वर आलं, सकाळी खाली गेलं. माझ्या मागच्या दाराशी भरती-ओहोटी सुरू झाली. शेजारची पोरं, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळे येऊन बघून जायला लागले. डास तर इतके झाले की आम्ही जेवताना ताटापेक्षा हवेत जास्त हात मारत होतो. शहाभाई खाली आले, खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, "भाभी, स्विमिंग पूल बना रहे हो क्या?"

मी तेव्हाच हे सगळं बंद पाडायला हवं होतं. पण व्याही म्हणजे व्याही. आपल्या मराठी घरात व्याह्याला बोलता येत नाही हे जे कुणी ठरवलंय, त्याच्या घरी असा एक व्याही पाठवायला हवा.

पाणी उपसलं. मग दगड आले. टेम्पोभर दगड, माझ्या अंगणात. ते हातानं एकेक करून असे बसवले की जणू दागिन्यात खडे. वर मुरूम, आणि मग धुम्मस. लाकडी दांड्याला खाली जड लोखंड, ते उचलून जमिनीवर आपटायचं. धप्. धप्. धप्. सकाळी सहापासून. आमच्या ओट्यावरची तुळस हलायची, मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीत हळद सांडायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी निरोप पाठवला की त्यांच्या सासूबाईंना वाटतंय भूकंप होतोय. तावडेसाहेबांनी उलट निरोप पाठवला, "त्यांना सांगा, भूकंप झाला तर इथे येऊन उभ्या राहा."

त्यावर लोखंडाच्या सळ्यांची जाळी, त्यावर काँक्रीट, आणि कोपऱ्यांत पाईप बसवायला जाडजूड बोल्ट. हे सगळं जमिनीच्या वर वीतभर उचललेलं. मग त्यावर ओली गोणपाटं. दिवसातून तीनदा पाणी मारायचं काम माझ्या नवऱ्याकडे. पाणी मारलं की नाही हे विचारायला तावडेसाहेबांचा फोन. बाळंतिणीची सुद्धा कुणी इतकी चौकशी करत नाही. मी एकदा फोन घेतला आणि म्हटलं, "हो, मारलं पाणी, खाल्लं त्यानं, झोपलंय आता." ते म्हणाले, "उन्हात उघडं नका ठेवू."

पूर्वा या सगळ्यात बापाला एका शब्दानं बोलली नाही. कुंड्या एका कोपऱ्यात दाटीनं उभ्या होत्या, धुळीनं माखलेल्या. ती रोज एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायची. मी म्हटलं, "अगं, सांग तरी त्यांना. पाऊस तोंडावर आलाय." ती म्हणाली, "करू दे आई. त्यांना करायचंय." मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा मला राग येतो.

मग रविवारी कमिटी आली. शहाभाई पुढे, मागे चार-पाच जण, आणि त्यांच्या मागे ज्यांना दुसरं काही काम नव्हतं असे सगळे. अंगणाच्या कडेनं उभे राहून सगळे त्या पायाकडे बघत होते. उन्हात तो पांढराफटक, गुळगुळीत, सपाट पसरला होता. खरं सांगते, दिसत होता सुंदर.

"तावडेसाहब," शहाभाई म्हणाले, "ये तो प्लिंथ है."

"आहेच," तावडेसाहेब अभिमानानं म्हणाले.

"इसके ऊपर तो दो माला चढ़ जाएगा."

"तीन," तावडेसाहेब म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

झालं. कुणीतरी म्हणालं, गाळा काढणार आहेत, क्लासेसला देणार. कुणीतरी म्हणालं, रस्त्याच्या बाजूनं शटर येणार. ग्रीनहाऊसचं खोकं मी बाहेर आणून दाखवलं, तर म्हणे हे दाखवायला आणलंय. शहाभाईंनी शेवटचं सांगितलं, "भाभी, कच्चे की परमिशन थी. ये पक्का है. पक्का नहीं चलेगा. आठ दिन में तोड़ दो, नहीं तो हमको ऊपर कंप्लेंट करनी पड़ेगी."

माझ्या डोक्यात सणक गेली. या गावात सगळं कच्चं चालतं. रस्ता कच्चा, गटाराचं झाकण कच्चं, नळाला येणारं पाणी तर येतं की नाही इतकं कच्चं. भिंतीतून पाणी झिरपतं, सज्जाचे तुकडे पडतात, त्याला कुणी आठ दिवसांची मुदत देत नाही. अख्ख्या शहरात एका माणसानं एक गोष्ट पक्की बांधली, तर तोडायला निघाले तीच! मी हे मोठ्यानं बोलले. लोक हसले आणि पांगले. मला वाटलं आता तावडेसाहेब उसळतील, खड्ड्याचं, खाडीचं, मार्बलचं सगळं ऐकवतील. ते नुसते म्हणाले, "तोडतो. पूर्वाच्या घराला त्रास नको." आणि चहा न घेता निघून गेले.

सोमवारी सकाळी घण घेऊन आले. मिस्त्री नाही, कुणी नाही. आमचे हे बँकेत गेले होते, मुलगा कामावर, पूर्वा खताच्या पिशव्या आणायला गेली होती. मी दारात उभी. इतके दिवस हा पाया उखडला जावा म्हणून मी मनातल्या मनात किती बोलले असेन, आणि आता घण उचललेला बघून मला "थांबा" म्हणून ओरडावंसं वाटलं. त्यांनी घण मारला. तुकडा उडाला नाही. पुन्हा मारला. नुसता ओरखडा. चांगलं दहा-बारा वेळा मारून झाल्यावर ते त्याच पायाच्या कडेवर बसले, धापा टाकत.

मी पाणी दिलं. म्हटलं, "कशाला इतकं पक्कं केलंत हो? पाईप आणि प्लास्टिक तर होतं."

त्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"आमची आधीची बिल्डिंग चार मजली होती. लिफ्ट नव्हती. सगळ्यांच्या बिल्डिंगखाली उतरून बघितलं मी, स्वतःच्या खाली बघायला मिळालं नाही. जिना बघितला, रंग बघितला, जागा घेतली. पूर्वा सातवीत असताना खांबांना भेगा गेल्या. धोकादायक म्हणून रिकामी करायला सांगितली. दुपारपर्यंत वेळ होता. मी कपाट काढलं, फ्रिज काढला, गॅस काढला. पूर्वाच्या गॅलरीत कुंड्या होत्या. कुंड्या कसल्या, तेलाचे डबे, आइस्क्रीमचे डबे. अबोली होती, सदाफुली होती. ती म्हणाली, बाबा, माझी झाडं. मी म्हटलं, माणसं निघतायत इथून, झाडं कसली काढतेस. आणि दाराला सील लागलं."

मी दाराच्या पायरीवर बसले.

"शाळेची वाट तिथूनच होती. गॅलरी रस्त्यावरून दिसायची. रोज पोरीची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत यायची. मला वाटलं, शाळेत पाणी पीत नाही. मी ओरडलो तिला. आजारी पडशील म्हणालो. एक दिवस एक थोबाडीत दिली. मग तिच्या आईनं सांगितलं. ती बाटली वाचवून ठेवायची. वॉचमन एखाद दिवस वर सोडेल, असं तिला वाटायचं. रोज जाऊन उभी राहायची खाली. झाडं वाळून काडी झाली तरी जायची." त्यांनी काँक्रीटवरची धूळ हातानं झाडली. "त्याच्यानंतर तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, विहीणबाई. लग्नात पण नाही. तुमच्याकडून कळलं, ग्रीनहाऊस हवंय."

मला रडू आलं आणि त्याच वेळी असा संताप आला की कुणावर काढू कळेना. मी त्यांच्या हातातला घण काढून घेतला, पदरानं डोळे पुसले आणि तशीच चार मजले चढून शहाभाईंच्या दारात उभी राहिले. शहाभाई बनियनवर खाखरा खात होते. मी म्हटलं, "शहाभाई, ये आपकी बाल्कनी को ग्रिल लगाके जो बेडरूम बनाया है, वो कच्चा है कि पक्का?"

शहाभाईंनी माझ्या हातातल्या घणाकडे बघितलं. घण मी विसरून बरोबरच आणला होता. त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, "शुं थयुं?"

"कंई नहीं," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "भाभी, बैठो ना. गुस्सा क्यों करते हो?" बोलता बोलता ठरलं ते असं. पाया राहील. पण वर भिंत नाही, पत्रा नाही, पंखा नाही, खाट तर नाहीच. चारी बाजूंनी आरपार दिसलं पाहिजे, आणि आठ दिवसांत आत झाडं दिसली पाहिजेत. मी म्हटलं, आठ दिवस कशाला, शनिवारी बघायला या.

शनिवारी सकाळी सगळं घर कामाला लागलं. मुलानं सुट्टी घेतली. पाईप बोल्टवर असे बसले की एकाही ठिकाणी ठोकावं लागलं नाही. दोन्ही तिरकी मापं जुळलेली होती ना! मी हे तोंडानं कबूल केलं नाही, पण प्लास्टिकचं एक टोक मीही धरलं. दुपारपर्यंत ते उभं राहिलं. वारा आला, प्लास्टिक फडफडलं, सांगाडा जागचा हलला नाही.

मग कुंड्या आत न्यायच्या होत्या. मी पदर खोचला, मुलानं दोन उचलल्या. तावडेसाहेब म्हणाले, "थांबा. कुणी हात लावू नका." आवाज असा होता की मुलानं कुंड्या खाली ठेवल्या. त्यांनी एकेक कुंडी स्वतः उचलली. एका वेळी एकच, दोन्ही हातांत. लहान असली तरी दोन्ही हातांत. पूर्वा आत उभी राहून कुठे ठेवायची ते बोटानं दाखवत होती. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आमच्या ह्यांनी मदतीला पुढे पाऊल टाकलं, तेव्हा मी त्यांचा हात धरून मागे ओढलं.

सगळ्या आत गेल्या तरी ते अंगणात वाकून शोधत होते. भिंतीच्या कोपऱ्यात, मोडक्या सायकलच्या मागे, एक फुटकी कुंडी होती. मागच्या पावसात गेलेलं रोप, नुसती तपकिरी काडी. गोणीत टाकायची राहून गेली होती. ती त्यांनी उचलली आणि आत आणली.

"बाबा," पूर्वा म्हणाली, "ते मेलंय. टाकायचंय ते."

"असू दे," ते म्हणाले. "ते पण आत."

पूर्वा हसणार होती. मग तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं. पुढच्या फळीवरचं तिचं ते जांभळं ऑर्किड तिनं बाजूला सरकवलं आणि मधोमध जागा केली. तावडेसाहेबांनी कुंडी तिथे ठेवली. पूर्वानं झारी घेतली आणि सगळ्यांच्या आधी त्या मेलेल्या काडीला पाणी घातलं. सावकाश, कुंडीच्या फुटक्या कडेतून पाणी बाहेर येईपर्यंत घातलं. तावडेसाहेब तिच्या शेजारी उभे होते.